शेख काढून फक्त एस लिहा

सावनेरच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, आधारची दुरुस्ती, भरतीचे ऑनलाइन फॉर्म, सगळं इथे होतं. आणि बायोडाटे. कळमेश्वर, हिंगणा, बुटीबोरीच्या एमआयडीसीत नाहीतर नागपुरातल्या एखाद्या ऑफिसात अर्ज करायचा म्हटलं की पोरं-पोरी माझ्याकडे येतात. बायोडाटा टाइप करणाऱ्याला गावाबद्दल बऱ्याच गोष्टी कळतात. कोणाचं शिक्षण किती, कोणाचा बाप काय करतो, आणि कोणाला काय लपवायचं आहे.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी आली. बी.कॉम. प्रथम श्रेणी, टॅली, जीएसटीचा कोर्स, मराठी आणि इंग्रजी टायपिंग. तिच्या आधीच्या बायोडाट्याची फाइल माझ्याच संगणकावर होती. ती म्हणाली, "चाचा, शेख निकालके सिर्फ एस लिख दो ना."

तिचं पहिलं नाव दोन्हीकडे चालतं. हिंदू घरातही ठेवतात, मुसलमान घरातही. अडचण आडनावाची होती. सात ठिकाणी अर्ज केले होते, एकाही ठिकाणाहून फोन नव्हता. तिच्याच वर्गातल्या, तिच्यापेक्षा कमी गुण असलेल्या मैत्रिणीला त्यातल्याच दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. मी आडनाव काढलं. मग खाली वडिलांच्या नावाचा रकाना आला. आम्ही दोघंही पडद्याकडे पाहत राहिलो. स्वतःचं आडनाव कापता येतं. बापाचं नाव कुठे ठेवायचं?

हे वाचून काही जण म्हणतील की एका मुलीच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नका, तिची मुलाखतीची तयारी नसेल, जागा भरली असेल. ठीक आहे. माझं दुकान सोडा. विदर्भातलेच अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी हाच प्रयोग शास्त्रशुद्ध पद्धतीने केला होता. ६६ आठवडे, वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. एक उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं, एक दलित वाटेल असं, एक मुस्लिम. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्यावर जाण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्ज पाहणाऱ्याने उमेदवाराचा चेहरा पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. त्याने फक्त नाव वाचलं होतं.

हा प्रयोग पुरुषांच्या नावांचा होता. बाईचं काय, याचं उत्तर मिळायला आणखी पंधरा वर्षं लागली. २०२२ साली 'लेड बाय फाउंडेशन' या संस्थेने दोन सारखेच बायोडाटे बनवले, एक हिंदू मुलीच्या नावाचा, एक मुस्लिम मुलीच्या. दहा महिने, एक हजार जागा, सगळ्या सुरुवातीच्या पातळीच्या. हिंदू नावाला २०८ होकारार्थी प्रतिसाद आले, मुस्लिम नावाला १०३. म्हणजे अर्ध्याहून कमी. "तुमचे लोक शिकत नाहीत" हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इथे शिक्षण दोघींचं एकच होतं, कारण ते एकाच माणसाने टाइप केलं होतं.

आणि कधीकधी मालक लपवतही नाही. २०१५ साली मुंबईत एमबीए झालेल्या एका मुस्लिम तरुणाला हिऱ्यांच्या निर्यात कंपनीकडून लेखी उत्तर आलं की आम्ही मुस्लिमेतर उमेदवारच घेतो. गाजावाजा झाला, गुन्हा दाखल झाला, कंपनीने चूक एका नवख्या कर्मचाऱ्याची म्हणून सांगितली. त्या कर्मचाऱ्याची खरी चूक काय, तर तिने ते लिहून दिलं. बाकीचे लिहून देत नाहीत, एवढाच फरक.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. इथल्या एका मालकाशी माझं बोलणं झालं. नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही, ईदला माझ्याकडे शीरखुर्मा खायला येतो. मी विचारलं, तुमच्याकडे आमची मुलगी का नाही? तो दुखावला. म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे भेदभाव नाही. तुमचे किती लोक आहेत आमच्याकडे! आणि बायकाही आहेत." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्याच्याकडे मुसलमान आहेत: ड्रायव्हर, वेल्डर, मेकॅनिक, सगळे पुरुष. बायकाही आहेत: ऑफिसात, काउंटरवर, सगळ्या हिंदू. मुसलमान घेतो म्हणून तो धर्मभेद करत नाही आणि बाई घेतो म्हणून लिंगभेद करत नाही. या दोन खऱ्या वाक्यांच्या मधल्या फटीत मुसलमान बाई नाहीशी होते.

हा युक्तिवाद सावनेरमध्ये जन्मलेला नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने तो कोर्टात करून दाखवला आहे. त्या कंपनीने १९६४ पूर्वी काळ्या बाईला कामावर घेतलंच नव्हतं. १९७० नंतर ज्या घेतल्या, त्या मंदी आल्यावर 'शेवटी आलेला आधी जाईल' या नियमाने सगळ्या बाहेर पडल्या. पाच काळ्या बायका सेंट लुइसमध्ये कोर्टात गेल्या. कोर्टाने १९७६ साली सांगितलं की वर्णभेदाचा दावा करा किंवा लिंगभेदाचा करा, दोन्ही एकत्र करून नवा वर्ग तयार करता येणार नाही. कंपनीने बायका घेतल्या होत्या ना? हो, गोऱ्या. काळे घेतले होते ना? हो, पुरुष. पुढे १९८९ साली किंबर्ले क्रेनशॉ या काळ्या कायदेतज्ज्ञ बाईने याच खटल्यावरून दाखवलं की जिच्यावर दोन बाजूंनी वार होतो तिला कायदा एका वेळी एकच बाजू विचारतो. आमच्या मालकाने हा खटला वाचलेला नाही. त्याला वाचायची गरजही नाही, त्याचं उत्तर तयार आहे.

आपला कायदा काय म्हणतो? संविधानाचं कलम १६(२) सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान वगैरे कारणांवरून भेदभाव करायला मनाई करतं. पण त्यात एक छोटा शब्द आहे, 'केवळ'. केवळ या कारणावरून. या शब्दाने काय होऊ शकतं हे १९८१ सालच्या एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा या खटल्यात दिसलं. तेव्हा हवाई सुंदरीला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर, किंवा पहिल्या गरोदरपणात घरी बसवायचे. पुरुष कर्मचारी अठ्ठावन्नपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, ती अपमानास्पद आहे असं सुनावलं. पण चार वर्षांच्या लग्नबंदीला हात लावला नाही. मनाई आहे ती केवळ लिंगावरून होणाऱ्या भेदाला, लिंगासोबत दुसरी कारणं असतील तर गोष्ट वेगळी, असा तो विचार. म्हणजे नुसती बाई म्हणून काढू नका, पण बाई अधिक लग्न म्हणून काढता येईल. मग बाई अधिक दुपट्टा? बाई अधिक शेख?

आणि हे झालं सरकारी नोकरीचं. खासगी मालकाला कलम १६ लागूच नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याने नोकरभरतीत बाईशी भेदभाव करायला मनाई केली, खासगी मालकालासुद्धा. आता वेतन संहितेतही ती आहे. पण धर्मावरून उमेदवार नाकारणाऱ्या खासगी मालकाला थेट पकडणारा कायदा या देशात नाही. कामाच्या ठिकाणी धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव होऊ देणार नाही, असं सांगणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ क्रमांकाचा करार भारताने १९६० साली मान्य केला. २००६ साली सच्चर समितीने समान संधी आयोग नेमा असं सांगितलं. २००८ साली माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने त्याचा मसुदाही करून दिला. तो आयोग आजपर्यंत उभा राहिलेला नाही. सच्चरचं नाव निवडणुकीत दोन्ही बाजू घेतात, एक लांगूलचालन म्हणून आणि दुसरी उपकार म्हणून. त्यातली ही सर्वांत साधी, सर्व जातिधर्मांच्या उपयोगाची शिफारस मात्र कोणाला आठवत नाही.

बाईच्या बाबतीत मालकाकडे आणखी एक कारण असतं, काळजीचं. रात्र होते, रस्ता सुनसान आहे, काम जड आहे. आमच्या तालुक्याला हे कारण चांगलं माहीत आहे, कारण आमच्या पायाखाली कोळसा आहे. १९५२ च्या खाण कायद्याचं कलम ४६ बाईला भूमिगत खाणीत कामाला ठेवायला मनाई करत होतं. पण दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ साली सरकारने आधीची अशीच बंदी उठवली होती. आमच्या मध्य प्रांतातही बायका पुन्हा खाली उतरल्या. डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होते. या निर्णयावर टीका झाली तेव्हा त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात उत्तर देताना एक गोष्ट ठासून मांडली, की या बायकांना पुरुषाइतकीच मजुरी मिळते आहे. युद्ध संपलं, १९४६ साली बंदी परत आली. कोळसा हवा होता तोवर खाण बाईसाठी सुरक्षित होती, नको झाला तेव्हा धोकादायक ठरली.

२०१६ साली वेस्टर्न कोलफील्ड्स आणि राज्याच्या पर्यटन महामंडळाने सावनेरला खाण पर्यटन सुरू केलं. तिकीट काढून बाई खाण पाहायला येऊ शकत होती, पण खाली उतरून पगार कमवायला तिला कायद्याची बंदी होती. २०१९ च्या सुरुवातीला तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती ती सैल झाली. २०२० च्या संहितेत तर तिच्या संमतीने सर्व प्रकारच्या कामांची आणि रात्रपाळीचीही मुभा लिहिली आहे. कागदावर दार उघडलं आहे. आता त्या दारातून कोण कोण आत जातं ते मोजायला हवं.

इथवर आमच्या लोकांनी माना डोलावल्या असतील. आता तुमच्याशी बोलतो.

त्या मुलीला ज्या सात ठिकाणांनी फोन केला नाही, त्यांच्यावर आपण रागावतो. पण तिच्यासारख्या किती मुलींचे बायोडाटे माझ्या दुकानापर्यंत येतच नाहीत, याचा हिशेब कोण ठेवतो? बारावीत पहिली आलेल्या मुलीचा सत्कार आपण जमातीच्या हॉलमध्ये करतो, ट्रॉफी देतो, फोटो काढतो. तीन वर्षांनी ती पदवी घेते आणि बाप सांगतो, "नौकरी की क्या जरूरत है, खानेको नहीं मिलता क्या?" देशातल्या मोठ्या धार्मिक गटांत मुस्लिम बाईचा कमाईच्या कामातला सहभाग सर्वांत कमी आहे. हे सगळं फक्त बाहेरच्या मालकाने केलेलं नाही. आणि ज्या बायका घरात बसून विड्या वळतात, जरी-मोती लावतात, शिलाई करतात, त्यांचं काम आपण कामात धरत नाही. ठेकेदार देईल ती मजुरी घ्यायची, तो ठेकेदार पुष्कळदा आपलाच असतो.

मशिदीतून हजरत खदीजा यांचा उल्लेख आदराने होतो, व्हायलाच हवा. त्या मक्केच्या मोठ्या व्यापारी होत्या. हजरत मुहम्मद (स.) यांनी लग्नाआधी त्यांचा माल घेऊन व्यापाराचा प्रवास केला होता. म्हणजे मालक त्या होत्या. कुराणाच्या सूरह निसामध्ये पुरुषाच्या कमाईत पुरुषाचा आणि बाईच्या कमाईत बाईचा हिस्सा मानलेला आहे. हे बयानात सांगायचं आणि घरी येऊन मुलीला बसभाडं नाकारायचं, याला काय म्हणावं? बाहेरचा मालक तिच्या डोक्यावरच्या दुपट्ट्यामुळे तिला आत घेत नाही. घरातला मालक त्याच दुपट्ट्याचं नाव पुढे करून तिला बाहेर सोडत नाही. दोघांपैकी कोणीही तिला विचारलेलं नसतं की तुला तो घालायचा आहे की नाही.

आणि मी? मी कोणाला शहाणपणा शिकवतो आहे? माझ्या दुकानात काही वर्षांपूर्वी दोघं कामाला होती, एक मुलगा, एक मुलगी. मुलाला मी नऊ हजार द्यायचो, मुलीला साडेसहा. मुलीचा मराठी टायपिंगचा वेग त्याच्या दुप्पट होता, चुका कमी होत्या, गिऱ्हाईक तिलाच शोधत यायचं. माझ्याकडे कारण होतं. तो सकाळी शटर उचलतो, रात्री आठपर्यंत थांबतो, बँकेत जातो. तिला सहाला सोडावं लागतं. मी हे कारण स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते मला खरं वाटायला लागलं. मग तिचं लग्न झालं, ती गेली. तिच्या जागी दोन मुलं ठेवली तरी काम मागे पडायला लागलं, तेव्हा मला तिच्या कामाची किंमत कळली. शटर उचलायला एक मिनिट लागतं. त्या एका मिनिटाचे मी महिन्याला अडीच हजार लावले होते. संत्र्याच्या प्रतवारीला बसणारी बाई, जिनिंगमध्ये कापूस वेचणारी बाई, निंदणाला जाणारी बाई यांना पुरुषापेक्षा कमी मजुरी का, असं विचारलं तर शेतकरीही असंच एखादं कारण सांगतो. धर्म कोणताही असो, हे कारण सगळ्यांकडे असतं.

काही हिंदू मित्र म्हणतात, मुसलमान मालकही आपलीच माणसं ठेवतो की! ठेवतो. भंगाराच्या धंद्यात, बेकरीत, गॅरेजमध्ये ठेवतो. तेही चूक आहे, आणि कायदा आला तर तो त्यालाही लागू झाला पाहिजे. बौद्ध मुलीला "पूर्ण नाव काय?" असं विचारून आडनावावरून जात ओळखली जाते, तिलाही तो कायदा तितकाच हवा आहे. आपल्याकडे पूर्ण नाव विचारणं हा किती सभ्य प्रश्न वाटतो! विचारणाऱ्याला मात्र उत्तरातला शेवटचाच शब्द ऐकायचा असतो. म्हणून ही मागणी एकट्या मुसलमानांची म्हणून मांडू नका. ती आडनाव असलेल्या प्रत्येकाची आहे.

मागणी काय? एक, खासगी नोकरभरतीत धर्म, जात आणि लिंग यांवरून भेदभाव करायला स्पष्ट मनाई करणारा कायदा, ज्यात 'केवळ' हा शब्द नसेल आणि ज्यात दोन कारणं एकत्र आली तरी तक्रार करता येईल. दोन, समान संधी आयोग, आणि त्याचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी. सावनेरची मुलगी दिल्लीला जाऊन दाद मागू शकत नाही. तीन, सरकारी आणि नगरपरिषदेची कंत्राटं घेणाऱ्यांनी आपल्याकडे कोण किती पगारावर आहे हे दरवर्षी जाहीर करावं: किती बायका, किती पुरुष, कोणत्या समाजाचे, कोणत्या पदावर. सगळ्या बायका एका रकान्यात आणि सगळे मुसलमान दुसऱ्या रकान्यात असं नको. चार, पहिल्या छाननीत अर्जावरचं नाव झाकून ठेवावं. याला पैसे लागत नाहीत, मी स्वतः माझ्या संगणकावर दोन मिनिटांत करून देतो.

आणि आपल्या जमातीने काय करावं? सत्कारांऐवजी नागपूरला जाणाऱ्या मुलींच्या बसच्या पासचे पैसे द्यावेत. ज्या घरातला ठेकेदार बायकांकडून शिलाई करून घेतो, त्याला जुम्म्यानंतर दर विचारावा. पुरुषांचा दर आणि बायकांचा दर, दोन्ही.

माझ्या दुकानात आता एक मुलगी आहे आणि एक मुलगा. पगार सारखा. शटर मी उचलतो.

त्या दिवशी त्या मुलीने शेवटी आडनाव परत घालायला लावलं. मी विचारलं, का? ती म्हणाली, मार्कशीटवर पूर्ण नाव आहे, मुलाखतीत कागद दाखवताना उघड होईलच, वर खोटं बोलली म्हणून ठपका बसेल. बापाचं नाव काय लपवायचं, हेही म्हणाली, पण ते हळू म्हणाली. मी पूर्ण नाव टाइप केलं, पाच प्रती काढल्या. पैसे घेतले नाहीत तर तिने काउंटरवर ठेवले आणि गेली. हे लिहीपर्यंत तिला नोकरी मिळालेली नाही. तिचा बायोडाटा माझ्याकडे आहे. ज्याला टॅली आणि जीएसटी येणारं माणूस हवं आहे, त्याने दुकानात यावं. नाव मी शेवटी सांगेन.